उसनी घोडी: आर्वी तालुक्यातलं एक प्रकरण

स्वार 15 वर्षांची मुलगी, इयत्ता नववी. तिचा घोडा ऑक्टोबरच्या शेवटी लंगडला आणि डिसेंबरअखेर पुण्याकडे उड्यांची स्पर्धा होती. मधल्या आठ आठवड्यांत तिच्यासाठी दुसरं जनावर कसं शोधलं, कोणती सोडून दिली आणि जी घोडी आणली तिने काय शिकवलं, ते इथे मांडतो आहे. मी या कुटुंबाचा जनावरांचा डॉक्टर. माझं रोजचं काम गाई, म्हशी, बकऱ्यांचं. घोडे वर्षाकाठी थोडेच हाताखालून जातात, त्यातले बहुतेक वरातीचे. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. गाव आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा पट्टा गवळाऊ बैलांचा. इथे जनावर म्हटलं की आधी बैल, आणि वेग म्हटलं की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मुलीचे वडील संत्र्याचे बागायतदार, जोडीला कपाशी आणि तूर, आणि पटाचे जुने शौकीन. गावाजवळच सैन्याचे घोडे-खेचरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधून निवृत्त झालेले एक दफेदार राहतात. त्यांनी आपल्या पडीक तुकड्यावर मुरूम पसरून रिंगण केलं आणि बांबू, प्लास्टिकचे पाइप रंगवून अडथळे उभे केले. चार-पाच पोरं तिथे शिकतात. 2023 च्या सप्टेंबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत 41 वर्षांनी सुवर्ण आलं होतं आणि त्या संघातली सुदीप्ती हजेला इंदूरची. इंदूर आम्हाला मुंबईपेक्षा जवळचं वाटतं. त्या बातमीनंतर वडिलांनी मुलीचा हट्ट मानला आणि पुण्याहून शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड आणला. खच्ची केलेला, 9 वर्षांचा, खांद्यापाशी 163 सेंटीमीटर उंच. रंगावरून घरात त्याला कुमैतच म्हणतात.

दफेदार काकांनी त्याला सव्वा वर्ष खपून उड्यांवर आणला. मुलगी 1 मीटरवर सहज जात होती आणि डिसेंबरात 1.10 मीटरच्या गटात उतरायची होती. पुढच्या वर्षी दहावी, म्हणून हाच मोसम, असं घरात ठरलेलं. पुढे जी घाई झाली तिचं मूळ या वाक्यात आहे.

सोयाबीन निघालं होतं. ट्रॅक्टरच्या चाकांनी ओल्या काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाने वाळून पांदणीत दगडासारख्या झाल्या होत्या. त्या पांदणीवर कुमैत भरधाव सोडला गेला. त्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या पुढच्या पायाला गुडघा आणि खुरामधल्या नळीच्या मागे गरमाई, बोटाने दाबलं की पाय मागे ओढायचा, दुडकीत डोकं वर-खाली. वडील म्हणाले, "नस चढली असंल." नस चढलेली नव्हती. नळीच्या मागच्या बाजूने, कातडीलगत जी कंडरा जाते तिचे तंतू फाटले होते. घोडा भरधाव असताना ही कंडरा आपल्या लांबीच्या दहाव्या हिश्शाहूनही जास्त ताणली जाते. दौडणाऱ्या घोड्याची ती कमानच आहे आणि तुटण्याच्या हद्दीजवळच रोज काम करते. शर्यतीच्या घोड्यांची सगळ्यात जास्त दुखणारी जागा तीच.

थंड पाण्याची धार, पट्टी, सूज-वेदनेचं औषध आणि ठाणबंद विश्रांती सुरू केली. आठवड्याभराने नागपूरला सोनोग्राफी केली. पहिल्या दोन-तीन दिवसांत केली तर जखम खरी केवढी आहे ते नीट कळत नाही, फाटणं पुढे आणखी उघडं पडतं. कंडरेच्या गाभ्यात काळा डाग स्पष्ट होता. मी 9 ते 12 महिने सांगितले. गावातल्या जाणत्यांनी तापल्या लोखंडाने डाग देण्याचा सल्ला दिला, तोही मनापासून. बैलांना दिलेले डाग त्यांनी आयुष्यभर पाहिले आहेत. मी नको म्हटलं. डागल्याने कंडरा लवकर सांधत नाही. जनावर दुखण्यामुळे उभं राहतं आणि तेवढी विश्रांती मिळते, गुण दिसतो तो विश्रांतीचा.

या दुखापतीची खरी मेख तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असते. सूज उतरते, घोडा सरळ चालतो, मालकाला वाटतं संपलं. आत मात्र कच्चा, आडवातिडवा भरणारा व्रण असतो. "सुजन तं उतरली डॉक्टरसाहेब, डिसेंबरले अजून टाइम हाये," असं वडील म्हणाले तेव्हा दुसऱ्या घोड्याचा विषय मीच काढला. मुलगी स्पर्धेला जावी हा माझा पहिला हेतू नव्हता. तिच्या बुडाखाली दुसरं जनावर असल्याशिवाय कुमैतला विश्रांती मिळणार नाही, हे मला दिसत होतं.

वडिलांना हे लगेच पटलं, पण वेगळ्या कारणाने. "पटात जोडीतला एक बैल बसला तं दुसरा मागून आणतोच ना आपण. तसाच आणू." पटाच्या माणसाला असंच सुचणार. पण पटात बैलाला सरळ धावायचं असतं, आणि हाकणारा मागे असतो. इथे स्वार पाठीवर आहे, दहा-बारा अडथळे आहेत, प्रत्येकापुढे निर्णय आहे. मुलीचा युक्तिवाद आणखी धारदार होता. "डॉक्टर काका, ऑलिंपिकमधी तं वीस मिनिटांत अनोळखी घोडा देतात." खरंच देत असत. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत खेळाडूला चिठ्ठीने घोडा मिळायचा आणि सरावाला 20 मिनिटं. पण 2021 मध्ये टोकियोत आघाडीवर असलेल्या जर्मनीच्या आनिका श्लॉयला मिळालेला घोडा अडथळ्यापुढे जाईच ना. रडत, चाबूक मारत तिची फेरी गेली आणि घोडेस्वारीत शून्य गुण पडले. त्या प्रकरणानंतर पॅरिस 2024 संपताच त्या खेळातून घोडाच काढून टाकला. मी तिला ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग किती दिवस पाह्यजे?" हा प्रश्न बरोबर होता. दफेदार काका म्हणाले, शहाणा घोडा असेल तर सहा आठवडे, नसेल तर सहा महिनेही कमी.

जे घोडे सोडले

पहिला पर्याय अर्थातच वरातीचा, कारण तोच डोळ्यासमोर. जवळच्या तालुक्याच्या गावात एक देखणी पांढरी मारवाडी घोडी होती. कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, मान कमानदार. वडील पाहताच हरखले. आम्ही तोंड उघडून पाहिलं तर जिभेवर आणि गालफडांच्या आतून जुने व्रण. काटेरी लगाम. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत, त्यात काटेरी लगामाला बंदी आहे. वरातीत ते कोणी वाचत नाही. नाचवलेल्या घोड्याची आणखी एक अडचण असते. त्याला पुढे जाण्याची सगळी शक्ती जागच्या जागी वर उचलायला शिकवलेलं असतं. पायाने दाबलं की तो पुढे सरकत नाही, ढोल ऐकल्यासारखा नाचायला लागतो. उडीला नेमकं उलटं लागतं. ही सवय मोडता येते, पण उरलेल्या आठवड्यांत नाही, आणि शिकाऊ मुलीने तर नाहीच. त्यात मालकाने एका वाक्यात विषय मिटवला. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, हा त्याचा कमाईचा काळ. नोव्हेंबर-डिसेंबरात घोडी द्यायची म्हणजे वर्षाचं उत्पन्न द्यायचं.

मग सारंगखेड्याचं नाव निघालं. नंदुरबार जिल्ह्यातली ती यात्रा दत्तजयंतीला भरते. म्हणजे डिसेंबर उजाडल्यावर, आणि स्पर्धा त्याच महिन्यात. तारखेनेच पर्याय बाद झाला. तारीख जुळली असती तरी मी नकोच म्हटलं असतं. यात्रेत घोडा चालवून दाखवतात, दात पाहून वय सांगतात, अंगावरचे केसांचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवतात आणि किंमत रुमालाखाली बोटांनी बोलतात. भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण त्यावरून मी कोणाशी भांडत नाही. भोवरे पाहता पाहता खुराखालची भेग पाहायची राहून जाते, याचा मात्र राग येतो.

पुण्याहून आणखी एक शर्यतीचा घोडा आणणं वडिलांना सोपं वाटत होतं. ओळख झालेली, मोसम संपताना घोडे स्वस्तात सुटतात. पण शर्यतीतून नुकताच सुटलेला घोडा लगाम ओढला की आणखी जोर लावतो. त्याला तेच शिकवलेलं असतं. कुमैतला सव्वा वर्ष लागलं होतं, हे सगळे सोयीस्कर विसरले होते.

पुण्याच्या एका क्लबमध्ये शिकवलेला घोडा महिन्याच्या भाड्याने मिळत होता. घोडा उत्तम असणार यात शंका नाही. अट एकच, घोडा क्लबबाहेर नेता येणार नाही. मुलीला शाळा सोडून दोन महिने पुण्याला ठेवायचं आणि कुमैतला सालदाराच्या भरवशावर. आईने साफ नकार दिला आणि मला ती योग्यच वाटली.

अधेमधे चिखलदऱ्याच्या पर्यटकांना फिरवणाऱ्या तट्टांचाही उल्लेख झाला. ती तट्टं शांत असतात, पण दिवसभर अनोळखी ओझं वाहून त्यांच्या तोंडाला काही कळेनासं होतं. त्यावर कोणी वेळ घालवला नाही.

घोडी

मिळाली ती नागपूरच्या बाहेरच्या एका वाडीत. 16 वर्षांची, मारवाडी आणि थरोब्रेडची संकर, खांद्यापाशी 150 सेंटीमीटर. मालकीण मुलगी शिक्षणासाठी बाहेर गेली होती, घोडी दीड वर्ष नुसती चरत होती. पूर्वी तिने 1 मीटरपर्यंतच्या स्पर्धा केल्या होत्या, भारतीय घोडेस्वारी महासंघाकडे तिची नोंदणी होती. दिसायला साधी. पोट सुटलेलं, पाठ थोडी खालावलेली. वडिलांचा चेहरा उतरला. "ही? ही तं म्हातारी हाये." दफेदार काकांनी तिला रिंगणात सोडलं, दोन पाइप जमिनीवर टाकले आणि चालत तिच्यापासून दूर गेले. घोडी स्वतःहून पाइपांकडे वळली, पावलं मोजून ओलांडली आणि उभी राहिली. काका एवढंच म्हणाले, "हिले काम येते."

मी पाय पाहिले, खुरं पाहिली, वाकवून धरून मग दुडकीत पळवून पाहिली. मागच्या उजव्या पायाच्या घोट्यात थोडा ताठरपणा होता, जो दहा मिनिटं चालवल्यावर सुटत होता. हे वयाचं. 16 वर्षांच्या घोडीत काहीच सापडलं नाही तर डॉक्टरने नीट पाहिलं नाही असं समजावं. रक्त काढलं. ग्लँडर्सचा अहवाल येईपर्यंत घोडी हलवायची नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. हा रोग माणसालाही होतो, 2009 च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली त्याची सक्तीने नोंद द्यावी लागते आणि लागण निघालेला घोडा मारावा लागतो. घाईत असलेल्या माणसाला ही तपासणी सरकारी कटकट वाटते. घरी आधीच एक आजारी घोडा उभा असताना दुसरा न तपासता आणणं म्हणजे दोन्ही गमावण्याची तयारी. पावसाळ्यानंतर आमच्याकडे चावऱ्या माश्यांतून सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा रोग पसरतो, म्हणून त्यासाठीही पाहिलं. काचपट्टीवर एकदा जंतू दिसले नाहीत म्हणजे नाहीतच असं नसतं, तेव्हा आल्यावर काही दिवस रोज ताप घ्यायचं ठरलं. धनुर्वात आणि घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची लस मागे पडली होती, ती दिली. देशात 1987 आणि 2008-09 मध्ये या इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथी आल्या होत्या. स्पर्धेत शंभर घोडे एकत्र येतात तिथे लशीविना जाऊ नये.

कागद

घोडी मिळाल्यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढचं तोंडी ठरवतात. इथे मालकिणीची आई ठाम होती म्हणून बरं झालं. तिला भाडं नको होतं. तिने विचारलं, "हिला तिकडे काही झालं, मरायची वेळ आली, तर निर्णय कोण घेणार?" वडील क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या परीने तोडगा काढला. "बटईनं देऊन टाका ना ताई. खर्च आमचा, पिल्लू झालं तं अर्ध-अर्ध." ती हसली. घोडी कधी व्यालेली नव्हती आणि आता व्यायचं वयही नव्हतं. पण बटईची भाषा वडिलांना जवळची होती आणि त्याच भाषेत कागद तयार झाला. जनावर कोणाचं, चारा कोणाचा, नुकसान कोणाचं.

स्टॅम्प पेपरवर जे लिहिलं त्यातलं महत्त्वाचं सांगतो. घोडी जानेवारीच्या मध्यापर्यंत. पाठीवर फक्त मुलगी आणि दफेदार काका. उड्या आठवड्यातून दोनच दिवस, उंची 1 मीटरच्या वर कधीही नाही. चारा, नाल, औषध, विमा, वाहतूक सगळं घेणाऱ्याचं. परत करताना नाल नवे. पोटशूळ उठला तर लगेच मालकिणीच्या घरी फोन. तासाभरात कोणाशी बोलणं झालं नाही आणि घोडी यातनेत असेल तर शेवटचा निर्णय डॉक्टरचा, त्यावर नंतर वाद नाही. हे शेवटचं कलम लिहिताना सगळे गप्प झाले होते. पण पोटशूळाची शस्त्रक्रिया आमच्या तालुक्यात होत नाही, रात्री दोन वाजता नागपूर किती लांब पडतं हे मला माहीत आहे, आणि घोड्याचं पोट कोणाच्या सोयीने दुखत नाही.

उंचीच्या अटीमुळे 1.10 चा गट आपोआप गेला. मुलीला ते कागद वाचताना कळलं. ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

पिकअपमध्ये तळाला रबर, वर धानाची तणस, कडेला पोती बांधून रात्री घोडी आणली. सोबत तिचंच खोगीर आणलं. यावर दफेदार काकांनी हट्ट धरला होता. कुमैतचा खांदा उंच आणि अरुंद, घोडीची पाठ रुंद. त्याचं खोगीर हिच्यावर ठेवलं तर दोन्ही बाजूंनी चिमटा बसला असता, आणि पाठ दुखणारा घोडा अडथळ्यापुढे थांबायला लागतो. मग लोक त्याला हट्टी ठरवतात.

दोन आठवडे तिला बैलांच्या गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, कुमैतपासून लांब ठेवलं. बादली वेगळी, खरारा वेगळा. चारा हळूहळू बदलायचा होता. नागपूरला ती सुकं गवत आणि पेलेट (गोळीखुराक) खात होती, इथे ज्वारीचा कडबा आणि कुटार. सोयाबीनच्या कुटाराची धूळ घोड्याच्या फुप्फुसाला बाधते, म्हणून ते पूर्ण बंद. गवत विकत आणलं. सालदार मायाळू माणूस, त्याने एका संध्याकाळी गाईंच्या खुराकातलं पायलीभर तिच्यापुढे ठेवलं. मी पोत्यावरची चिठ्ठी वाचली, नशिबाने साधी सरकी ढेप निघाली. गुरांच्या काही खुराकांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला थोडंसंही मारक ठरतं. गुरं आणि घोडे एकाच आवारात असतील तर पोती वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावीत. आता तिथे तशीच ठेवतात.

अठरा मीटर

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग घोडी बुडाखाली आल्यानंतरचा आहे, आणि तो मी बाहेर कठड्यावर बसून पाहिला.

स्पर्धेचा मार्ग आखताना घोड्याच्या एका झेपेचं, म्हणजे दोन उड्यांमधल्या दौडीतल्या एका पावलाचं, अंतर साधारण 3.6 मीटर धरतात. दोन अडथळे एकमेकांसमोर, मध्ये 18 मीटर. उडीनंतर उतरायला आणि पुढच्या उडीसाठी उठायला मिळून एका झेपेएवढी जागा जाते, उरलेल्यात बरोबर चार झेपा बसतात. कुमैतची झेप मोठी. मुलगी नुसती बसून राहायची आणि चार झेपांत तो तिला पुढच्या अडथळ्याशी आणून सोडायचा. घोडीची नैसर्गिक झेप 3.3 मीटरच्या आसपास. गणित मांडून पाहा. चार झेपांत पोचायचं तर तिला प्रत्येक झेप लांबवून 3.6 करावी लागते, पाच घ्यायच्या तर आखडून 3 मीटर. ती नेमकी दोन्हींच्या मधोमध. पोनीच्या गटासाठी उंचीची मर्यादा नालाविना 148 सेंटीमीटर आहे. ही तिच्यापेक्षा दोन सेंटीमीटरने जास्त, म्हणून घोड्यांच्याच अंतरांवर उडवायची. त्या दोन सेंटीमीटरांवरून वडिलांनी नशिबाला बरंच काही सुनावलं.

पहिल्या दिवशी मुलगी सवयीप्रमाणे बसून राहिली. घोडी साडेचार झेपांवर पोचली, म्हणजे कुठेच नाही, आणि उभी राहिली. लबाडीने नव्हे, उडी घ्यायला जागाच उरली नव्हती. मुलगी रागाने म्हणाली, "हिले उडायचंच नाही." दफेदार काकांनी तिला खाली उतरवलं आणि 18 मीटर पायांनी मोजायला लावलं. मग विचारलं, "आता सांग, किती झेपा?" तिला सांगता आलं नाही. कुमैतवर कधी सांगावंच लागलं नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस अडथळे जमिनीवरच होते. वळण घेण्याआधी मोठ्याने आकडा सांगायचा, चार की पाच, आणि मग तोच घ्यायचा. काकांचं मत पाचचं होतं. 16 वर्षांच्या घोडीला रोज ताणून धावडवण्यापेक्षा गोळा करून आणणं तिच्या पायांना सोपं. जोडअडथळ्यात मात्र पर्याय नसतो. आत एकच झेप बसते, तिथे आधीचा वेग पुरेसा नसेल तर दुसरा पाइप पडतोच. तो भाग शेवटपर्यंत कच्चा राहिला.

एकदा संत्र्याच्या बागेतून रोही (नीलगाय) निघाली आणि घोडी बाजूला उसळली. मुलगी पडली, हेल्मेटला चरा गेला, हेल्मेट त्याच दिवशी बदललं. एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून कितीही ठाकठीक दिसलं तरी. यावर घासाघीस करणारे वडील मी पाहिले आहेत. हे तसे निघाले नाहीत.

स्पर्धा आणि नंतर

गटावरून आमच्यात मतभेद झाला. दफेदार काका 1 मीटर म्हणत होते, कागदातही तेवढी मुभा होती. मी 90 सेंटीमीटरच्या बाजूने होतो. घोडीचा दम दीड वर्षाच्या चरण्यानंतर पुरता परत आला नव्हता आणि जो आला तोही मोजक्याच आठवड्यांत कमावलेला. शेवटी 90 ठरलं, कारण नोंदणीच्या आदल्या दिवशी सरावानंतर तिचा श्वास खाली यायला काकांच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. घोडा बदलला की नोंदणी, घोड्याचा ओळखपट आणि लशींच्या तारखा सगळंच नव्याने पाठवावं लागतं. स्पर्धेची पत्रिका आली त्याच दिवशी शेवटची तारीख पाहून ठेवली होती म्हणून धावपळ झाली नाही.

समृद्धीने शिर्डीपर्यंत आणि पुढे नगरमार्गे पुणे. लांबच्या प्रवासात घोड्याचं तोंड वर बांधून ठेवलं तर तो मान खाली घालून श्वासनलिकेतला कचरा बाहेर काढू शकत नाही आणि फुप्फुसाला ताप धरतो. म्हणून दोर लांब, दर तीन-चार तासांनी थांबा, पाणी, आणि मान खाली घालू देणं. स्पर्धेच्या चार दिवस आधी पोचलो. ती दगदग भरून यायला तेवढे दिवस लागतातच.

पहिल्या फेरीत 18 मीटरच्या ओळीवर मुलीने पाच ठरवले आणि मध्येच बदलून चारसाठी लगाम सैल सोडला. घोडी थांबली. चार दंडगुण, आणि दुसऱ्यांदा थांबली असती तर फेरी बाद. तिने वर्तुळ घेऊन परत आणली, पाच झेपा, पार. दुसऱ्या दिवशी थांबा एकही नाही. जोडअडथळ्याचा दुसरा पाइप पडला, ज्याची भीती होती तोच. क्रमांक नाही. परतीच्या वाटेवर तिने काकांना विचारलं, "कुमैत माझ्यासाठी मोजत होता का?" काका म्हणाले, "मोजत नव्हता. त्याची झेप तशी पडत होती, अन् तुले वाटे तू चालवते." तिला ते लागलं असावं, पण नाकारलं नाही.

घोडी ठरल्या तारखेला परत गेली. नवे नाल मारलेले होते, तरी मालकिणीच्या आईने चारही पाय स्वतः उचलून पाहिले. वडील घोडी विकत मागायला तयार झाले होते. मी आडवा पडलो. 16 वर्षांची घोडी तीन महिन्यांसाठी उत्तम, पण पाच वर्षांसाठी घेणाऱ्याने पुढची सगळी म्हातारपणाची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि यांच्या मनात ती नव्हती. पुढच्या हिवाळ्यात घोडी दुसऱ्या एका मुलीला जाणार आहे असं कळलं. कागद तोच वापरतील.

कुमैतची तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. काळा डाग भरत आला आहे, तंतू अजून रांगेत नाहीत. सध्या हातात दोर धरून रोज चालवणं, दर पंधरवड्याला पाच मिनिटं वाढ, दुडकी अजून नाही. पांदणीवर तर कधीच नाही. पुढच्या दिवाळीआधी उडी नाही, हे मी लिहून दिलं आहे. दफेदार काकांचं म्हणणं, पावसाळ्यानंतर मऊ रिंगणात 60 सेंटीमीटर चालेल, सैन्यात त्यांनी असे घोडे परत आणले आहेत. सैन्यात दिवसातून तीनदा पाय पाहणारा माणूस असतो, हे माझं उत्तर. यावर आमचं अजून जुळलेलं नाही.